-पीजी लावून कंपाइल केलं तरी जीमॉन.आउट बनतच नाही

मृद्गंध
नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी सी मध्ये एक सॉल्व्हर लिहिलाय, जमिनीत पाणी कसं मुरतं त्याचा, म्हणजे रिचर्ड्स समीकरण, एका उभ्या स्तंभात खूप सारे सेल आणि वरून पाऊस. उत्तरं बरोबर येतायत पण प्रोग्राम फार हळू चालतो आणि गाईड म्हणाले की अंदाजाने कोड बदलत बसू नको, आधी प्रोफाइल कर, म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते मोज. म्हणून जीप्रॉफ हे मोजणीचं टूल वापरायला घेतलं. मेकफाईलमध्ये सीफ्लॅग्जला -पीजी जोडलं, कंपाइल झालं, लिंक झालं, एकही एरर नाही वॉर्निंग नाही, प्रोग्राम चालला पण मोजणी ज्या फाईलमध्ये यायला हवी ती जीमॉन.आउट कुठेच नाही. उबुंटू, जीसीसी. मेकफाईलचा कामाचा भाग असा आहे:

सीफ्लॅग्ज = -ओ२ -वॉल -पीजी
लिंकची ओळ: जीसीसी -ओ मुरवण मेन.ओ माती.ओ सॉल्व्हर.ओ पाऊस.ओ -एलएम

(मोबाईलवरून टाइप करतोय म्हणून सगळं देवनागरीत, समजून घ्या)

खडीसाखर
लिंकच्या ओळीत -पीजी नाहीये, बास. दोन्हीकडे लागतो.

मृद्गंध
पण मग लिंकरने एरर का नाही दिला? एखादं फंक्शन सापडलं नाही तर लगेच बोंब मारतो की तो.

खडीसाखर
प्रश्न चांगलाय म्हणून नीट लिहिते. -पीजीची दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीला एकच नाव दिल्याने सगळा घोळ होतो. कंपाइल करताना तो प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एमकाउंट नावाच्या रुटीनला एक कॉल घुसवतो, कोणी कोणाला किती वेळा बोलावलं ते तिथे नोंदलं जातं. लिंक करताना तो नेहमीच्या सीआरटी१.ओ ऐवजी जीसीआरटी१.ओ ही स्टार्टअप फाईल जोडतो, आणि मेन सुरू व्हायच्या आधी मोजणीची मेमरी घेणं, टायमर लावणं, आणि प्रोग्राम संपताना जीमॉन.आउट लिहायची सोय करून ठेवणं हे सगळं ती करते. आता लिनक्सच्या सी लायब्ररीत म्हणजे ग्लिबसीमध्ये एमकाउंट हे फंक्शन आधीपासूनच असतं, मग लिंकरला ते सापडतं आणि तो गप्प बसतो. तुमच्या प्रोग्राममध्ये एमकाउंटचे कॉल होतायत पण मोजणी कोणी चालूच केलेली नाही, म्हणून फाईल नाही.

उलटं केलं, म्हणजे कंपाइलला नाही पण लिंकला -पीजी दिला, तर फाईल बनते आणि वेळेचे आकडेही येतात, फक्त कॉल्सचा रकाना रिकामा आणि कॉल ग्राफ मागितला की जीप्रॉफ म्हणतो कॉल ग्राफचा डेटाच नाही.

मिरजकर
+१. खात्री करायची असेल तर लिंकच्या कमांडला -व्ही लावा आणि येणाऱ्या भल्यामोठ्या ओळीत जीसीआरटी१.ओ दिसतंय का बघा. काही लोक एनएम (प्रोग्राममधल्या नावांची यादी देणारं टूल) चालवून जीमॉन_स्टार्ट असं नाव दिसलं की खूश होतात, तर त्यात फसू नका, ते नाव साध्या प्रोग्राममध्येही असतं, समोर छोटा डब्ल्यू घेऊन, म्हणजे वीक सिंबल. समोर टी असेल तरच खरं.

आणि हो, फ्लॅग बदलल्यावर मेक क्लीन करा. मेकला फक्त फाईलची तारीख कळते, फ्लॅग बदलले ते कळत नाही. मग अर्ध्या ओ फाईल जुन्या अर्ध्या नव्या, आणि माणूस बसतो डोकं खाजवत. मी तर प्रोफाइलसाठी वेगळी बिल्ड डिरेक्टरीच ठेवतो.

तात्पुरता
सीमेकवाल्यांसाठी: सीमेक_सी_फ्लॅग्जमध्ये टाकलंत तर ते लिंकच्या वेळीही जातं, पण अॅड_कंपाइल_ऑप्शन्स वापरत असाल तर जात नाही, अॅड_लिंक_ऑप्शन्स वेगळं लिहावं लागतं. आणि बिल्ड टाइप दिलाच नाही तर सीमेक कुठलंच ऑप्टिमायझेशन लावत नाही, -ओ नसलेल्या कोडचं प्रोफाइल काढून काय उपयोग. रेल-विथ-डेब-इन्फो घ्या, त्यात -ओ२ -जी येतं.

मृद्गंध
दोन्हीकडे टाकलं, मेक क्लीन केलं, आणि तरीही फाईल नाही!! आता काय. जीसीआरटी१ दिसतंय -व्ही मध्ये.

जुनाखोड
प्रोग्राम संपतो कसा?

मृद्गंध
संपत नाही काका, म्हणजे तो पावसाचा डेटा फिरवत राहतो, मला हवं तेवढं झालं की कंट्रोल-सी. आउटपुट फाईल मधेमधे लिहितोच तो.

जुनाखोड
मग कशी बनेल फाईल. जीमॉन.आउट लिहिलं जातं एक्झिटच्या वेळी, मेनमधून रिटर्न झालात किंवा एक्झिट बोलावलंत तरच. सिग्नलने मेला, अॅबॉर्ट झाला, अंडरस्कोर-एक्झिट वापरलं, सेगफॉल्ट झाला, तर आतली सगळी मोजणी मेमरीतल्या मेमरीत गेली. सिग्नल हँडलर लावा, त्यात फक्त एक फ्लॅग चढवा (व्होलाटाइल सिग_अॅटॉमिक_टी) आणि मुख्य लूप तो फ्लॅग बघून स्वतः बाहेर पडू दे. हँडलरमधूनच एक्झिट मारू नका, चालतं बऱ्याचदा पण नाही चालायचं एखाद दिवशी.

दुसरं म्हणजे फाईल बनते ती प्रोग्राम संपताना तो ज्या डिरेक्टरीत असेल तिथे, सुरू केला तिथे नाही.

मृद्गंध
मिळाली! आउटपुटच्या फोल्डरमध्ये पडली होती कारण कोडमध्ये सीएचडीआयआर आहे. लूपला ठरावीक स्टेप्सनंतर थांबवलं. धन्यवाद काका, खडीसाखर ताई, मिरजकर.

आता पुढचा प्रश्न. टाइम कमांड लावून चालवलं तर यूझर वेळ ३८ सेकंद. जीप्रॉफच्या फ्लॅट प्रोफाइलमध्ये सगळं मिळून ११ सेकंदच. बाकीचे २७ कुठे गेले? वरती मॅट्रिक्स गुणाकाराचं फंक्शन आहे, त्याखाली मातीचे गुणधर्म काढणारी फंक्शन्स. मग मॅट्रिक्सवरच काम सुरू करू का?

वाट_पाहुणा
-ओ२ काढून बघा आधी. ऑप्टिमायझरने फंक्शन्स इनलाइन केली, म्हणजे बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळली, की ती जीप्रॉफला दिसत नाहीत. मी नेहमी -ओ० वर प्रोफाइल करतो, सगळी फंक्शन्स छान दिसतात.

कर्नल_पॅनिक
कृपया असं करू नका. -ओ० वर जे दिसतं तो वेगळाच प्रोग्राम असतो. दोन ओळींची छोटी फंक्शन्स तिथे प्रचंड महाग दिसतात, -ओ२ला ती विरघळून जातात. त्यात -पीजीने प्रत्येकात एमकाउंटचा कॉल घातला की आणखी फुगतात. मग माणूस आठवडाभर अशा जागी घासत बसतो जिथे खऱ्या बिल्डमध्ये वेळ जातच नाही. जो बिल्ड वापरणार तोच मोजायचा, त्याला फक्त -जी (डीबगची माहिती) जोडा. -जीने कोड हळू होत नाही, फाईल मोठी होते इतकंच. एखादं फंक्शन वेगळं दिसायलाच हवं असेल तर त्या एकट्याला नो-इनलाइन अॅट्रिब्यूट लावा.

वाट_पाहुणा
अहो पण शिकताना तर कळायला हवं ना कुठलं फंक्शन काय ते. सगळ्यांना अॅट्रिब्यूट कोण लावत बसणार.

कर्नल_पॅनिक
शिकताना ठीक आहे. वेग वाढवायचा असेल तर नाही.

जुनाखोड
वाद बाजूला ठेवा, २७ सेकंदांचं इनलाइनशी काही देणंघेणं नाही. इनलाइन झालेल्या फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्याच्या नावावर जातो, हरवत नाही. इथे वेळ हरवलाय.

जीप्रॉफ वेळ मोजतो तो सॅम्पल घेऊन. सेकंदाला १०० वेळा टायमर वाजतो, त्या क्षणी प्रोसेसर कुठल्या पत्त्यावर आहे ते बघायचं आणि त्या खणात एक टिंब टाकायचं. खण असतात फक्त तुमच्या मुख्य प्रोग्रामच्या कोडसाठी. शेअर्ड लायब्ररीतला पत्ता निघाला तर त्याला खणच नाही, टिंब गेलं वाया. तुमच्या लिंकच्या ओळीत -एलएम आहे, म्हणजे लिबएम ही गणिताची शेअर्ड लायब्ररी. मृद्गंध, मातीच्या फंक्शनमध्ये गणिताची फंक्शन्स आहेत ना, पॉव (घात काढणारं) वगैरे?

मृद्गंध
हो, व्हॅन गेनुख्टेनचं मॉडेल आहे, दाबावरून मातीतली आर्द्रता काढायचं, त्यात पॉवच पॉव.

जुनाखोड
मग सापडले तुमचे २७ सेकंद. लिंकला -स्टॅटिक जोडून परत चालवा, लिबएम तुमच्या प्रोग्रामच्या आतच येईल. त्याच्या नावापुढे वेळ दिसेल पण कॉल्सचा रकाना रिकामा असेल, कारण डिस्ट्रोने दिलेली लायब्ररी -पीजी लावून कंपाइल केलेली नसते.

जाता जाता, ११ सेकंद म्हणजे साधारण ११०० टिंबं. ज्या फंक्शनपुढे ०.०२ लिहिलंय ती दोन टिंबं आहेत, त्यावरून काही ठरवू नका. आणि हा टायमर सीपीयूचा वेळ मोजतो, डिस्कसाठी किंवा नेटवर्कसाठी ताटकळत बसलेला वेळ यात कधीच दिसणार नाही.

अनवाणी
मला तर सगळ्या ओळींपुढे शून्य शून्य यायचं आणि कॉल्सचा आकडा मात्र बरोबर. शेवटी -नो-पाय लावल्यावर आलं. काही डिस्ट्रोंचं जीसीसी बाय डिफॉल्ट पोझिशन इंडिपेंडंट प्रोग्राम बनवतं आणि मग चालतानाचे पत्ते आणि फाईलमधले पत्ते जुळत नव्हते. -स्टॅटिक केलंत तर बहुधा तो प्रश्न येणार नाही.

मृद्गंध
-स्टॅटिक केलं. आता बेरीज जवळपास जुळतेय आणि पहिल्या नंबरावर पॉवचंच कुठलंतरी लांबलचक आतलं नाव. म्हणजे मॅट्रिक्सवर काम केलं असतं तर ११ पैकीच काहीतरी वाचलं असतं.

कर्नल_पॅनिक
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला पण. पर्फ हा प्रोफायलर वापरा. कर्नल २.६.३१ पासून, म्हणजे २००९ पासून लिनक्ससोबत आहे. वेगळं कंपाइल नको, वेगळं लिंक नको, शेअर्ड लायब्ररी दिसतात, कर्नलसुद्धा दिसतं, कंट्रोल-सी मारलं तरी डेटा राहतो.

पर्फ रेकॉर्ड -जी ./मुरवण
पर्फ रिपोर्ट

जीप्रॉफ आता म्युझियममध्ये ठेवा.

खडीसाखर
वेगळं कंपाइल नको हे अर्धसत्य. पर्फ रेकॉर्डला -जी लावून कोणी कोणाला बोलावलं ते हवं असेल तर पर्फ डिफॉल्टने फ्रेम पॉइंटरची (फंक्शनकडून त्याच्या बोलावणाऱ्याकडे नेणाऱ्या खुणांची) साखळी धरून वर चढतो, आणि -ओ२ला जीसीसी फ्रेम पॉइंटर काढून टाकतो. म्हणजे -एफनो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर देऊन परत कंपाइल करणं आलंच. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून त्यांची स्वतःची पॅकेजं तशी बांधलेली येतात, जुन्या डिस्ट्रोवरची लिबएम तशी नसते. तेव्हा पॉवसारखं फंक्शन स्वतःची फ्रेम ठेवत नसेल तर त्याला थेट बोलावणारा साखळीतून गायब होतो, आजोबा दिसतात पण बाबा दिसत नाहीत. इथे नेमका बाबाच हवाय आपल्याला.

कर्नल_पॅनिक
बरोबर आहे. मग --कॉल-ग्राफ ड्वॉर्फ वापरा, -जी लावून कंपाइल केलेलं असेल तर इनलाइन झालेली फंक्शन्सही वेगळी दाखवतो. डेटा फाईल मात्र भसाभस वाढते, प्रत्येक सॅम्पलला स्टॅकचे ८१९२ बाइट उचलून ठेवतो तो. सॅम्पल रेट कमी करा नाहीतर थोडाच वेळ चालवा.

मृद्गंध
पर्फ परवानगी नाही म्हणतोय, लॅबचं मशीन आहे, सुडो नाही.

मिरजकर
पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड नावाची सेटिंग आहे प्रॉकमध्ये. २ किंवा त्याखाली असेल तर आपले आपले प्रोग्राम बघता येतात, उबुंटूवाले ती जास्त ठेवतात. अॅडमिनला चहा पाजा. किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा.

तात्पुरता
किंवा व्हॅलग्रिंडचं कॉलग्रिंड. परवानगी नको, फक्त -जी पुरे, केकॅशग्रिंडमध्ये चित्र सुंदर दिसतं. ३८ सेकंदांचं काम अर्धा तास घेईल, पण एकदाच करायचंय ना, जेवून या.

अनवाणी
गुगलवाल्यांचं जीपर्फटूल्स पण आहे, -एलप्रोफायलर लिंक करायचं आणि सीपीयूप्रोफाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यायचं. उबुंटूवर त्यात एक गंमत होते. तिथे लिंकरला अॅज-नीडेड डिफॉल्ट असतं, तुमच्या कोडमधून त्या लायब्ररीचं एकही फंक्शन बोलावलेलं नाही हे बघून लिंकर ती लायब्ररी गुपचूप गाळतो. एरर नाही, फाईल नाही, काहीच नाही. एलडीडी लावून प्रोग्रामच्या शेअर्ड लायब्ररींची यादी बघा, त्यात नसेल तर लिंकच्या ओळीत तिच्या आधी नो-अॅज-नीडेड द्यावं लागतं.

नवी_सुरुवात
मधेच विचारते, -एफप्रोफाइल-आर्क्स म्हणजे पण हेच का?

खडीसाखर
नाही, ते जीकोव्हसाठी, कुठली ओळ किती वेळा चालली ते मोजायला, वेळ नाही मोजत. आणि -एफप्रोफाइल-जनरेट तिसरंच, त्यात मोजलेलं परत कंपायलरला खाऊ घालायचं असतं -एफप्रोफाइल-यूज देऊन. तिन्हीत प्रोफाइल शब्द आहे म्हणून गल्लत होते. लिंकला द्यायचा नियम मात्र तिन्हीकडे लागू.

मृद्गंध
लॅपटॉपवर पर्फ चाललं. ७० टक्क्यांच्या आसपास पॉवमध्ये. पण पॉव ग्लिबसीचा, त्यात मी काय करणार? -एफफास्ट-मॅथ (गणिताचे काटेकोर नियम ढिले करून वेग वाढवणारा फ्लॅग) लावू का?

जुनाखोड
थांबा. पर्फने सांगितलं कुठे वेळ जातो. आता त्या म्युझियममधल्या जीप्रॉफला विचारा किती वेळा. सॅम्पलिंगचे आकडे अंदाजी असतात, पण एमकाउंटने मोजलेले कॉल खरेखुरे मोजलेले असतात. मातीच्या फंक्शन्सचे कॉल किती आहेत? आणि सेल गुणिले इटरेशन किती व्हायला हवेत?

मृद्गंध
आर्द्रता काढणारं फंक्शन आणि वाहकता काढणारं फंक्शन, दोन्ही अपेक्षेइतकेच. पण संपृक्तता काढणारं फंक्शन बरोबर दुप्पट!! अच्छा, दोघंही त्याला वेगवेगळं बोलावतायत त्याच सेलसाठी त्याच दाबाला.

विहीर_आणि_मोट
भूजलातला माणूस, म्हणून राहवलं नाही. व्हॅन गेनुख्टेनने १९८० मध्ये हे सूत्र मांडलं तेच मुळी अशा बेताने की म्युआलेमच्या वाहकतेच्या सूत्रात बसवलं की गणित सुटसुटीत व्हावं. संपृक्तता म्हणजे (१ + अल्फा-एचचा एन घात) याचा उणे एम घात. वाहकतेच्या सूत्रात तिचाच एक भागिले एम घात लागतो. तो पॉव लावून कशाला काढता, घात रद्द होऊन उरतं फक्त एक भागिले (१ + अल्फा-एचचा एन घात), आणि हे तर तुमच्याकडे आधीच काढलेलं आहे. वर्गमूळाला पॉव ०.५ लिहिलं असेल तर स्क्वेअर रूटचं फंक्शन लिहा, -एफफास्ट-मॅथ नसेल तर कंपायलर ते आपणहून बदलत नाही.

मोजा आता. आर्द्रतेत दोन पॉव, वाहकतेत संपृक्ततेचे दोन आणि वरचे तीन, एकूण सात. एकाच फंक्शनमधून दोन्ही काढलंत तर तीन पॉव आणि एक वर्गमूळ. फास्ट-मॅथला हात लावू नका, कोरड्या मातीत आकडे इतके टोकाचे होतात की काय चुकलं तेही कळणार नाही.

मृद्गंध
केलं. ३८ वरून २३ सेकंद. उत्तरं आठव्या दशांशापर्यंत तीच. मॅट्रिक्सला बोटही लावलेलं नाही अजून. विहीर सर, कमाल.

कर्नल_पॅनिक
बरं, जीप्रॉफ म्युझियममधून बाहेर काढतो आजच्यापुरता.

जुनाखोड
आजच्यापुरताच काढा, कारण त्याची एक खोड आहे. १९८२ मध्ये बर्कलेच्या ग्रॅहम, केसलर आणि मॅक्क्युसिक यांनी तो मांडला तेव्हापासून कॉल ग्राफमधला वेळ वाटायची पद्धत एकच, की फंक्शनच्या प्रत्येक कॉलला सारखाच वेळ लागतो असं धरायचं. एकच गुणाकाराचं फंक्शन लहान मॅट्रिक्सवर हजार वेळा आणि अवाढव्य मॅट्रिक्सवर दहा वेळा बोलावलंत तर जीप्रॉफ बहुतेक सगळा वेळ त्या हजारवाल्याच्या खात्यात टाकेल. फ्लॅट प्रोफाइलला ही अडचण नाही. कॉल ग्राफमधले चिल्ड्रनचे आकडे वाचताना मात्र ध्यानात ठेवा.

फोरट्रानी
आमच्याकडे एमपीआयवर चालणारा जुना फोरट्रान कोड आहे, जीफोरट्रानला पण -पीजी चालतो का? आणि सगळे रँक, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस, एकाच जीमॉन.आउटवर लिहितात त्याचं काय?

मिरजकर
चालतो, नियम तोच, दोन्हीकडे द्या. जीमॉन_आउट_प्रीफिक्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा, मग प्रत्येक प्रोसेस त्या नावापुढे आपला पीआयडी लावून वेगळी फाईल लिहितो. नंतर जीप्रॉफ -एस देऊन सगळ्यांची बेरीज जीमॉन.सम मध्ये घेता येते. पण बेरीज करायच्या आधी एकेक रँक वेगळा बघा, एखादाच रँक जास्त काम करत असेल तर बेरजेत ते दिसत नाही.

मृद्गंध
आता पुढची पायरी ओपनएमपी. मातीचा लूप समांतर करतोय, सेल एकमेकांवर अवलंबून नाहीत तिथे. मग कॉल्सचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी आले, असं कसं?

खडीसाखर
एमकाउंट संपूर्ण प्रोसेससाठी एकच. एक थ्रेड आत असताना दुसरा आला तर तो थांबत नाही, न मोजताच परत फिरतो. म्हणून आकडे गळतात, आणि थ्रेड वाढवाल तसे जास्त गळतील. कॉल मोजायचे असतील तर ओएमपी_नम_थ्रेड्स १ करून चालवा, वेळ बघायला थ्रेड लावून पर्फ. रिपोर्टमध्ये तुमच्या फंक्शनच्या नावाला ओएमपी_एफएन.० असं शेपूट दिसेल, घाबरू नका, तो जीसीसीने वेगळा काढलेला लूपचा आतला भाग आहे.

मृद्गंध
हो, ते शेपूट दिसलं, मला वाटलं लायब्ररीचं काहीतरी आहे. एका थ्रेडवर आकडे परत बरोबर आले. आता चार थ्रेडला १४ सेकंद, आणि पर्फमध्ये मॅट्रिक्सचं फंक्शन पहिल्या नंबरावर.

विहीर_आणि_मोट
एकाच उभ्या स्तंभाचं आहे ना, मग मॅट्रिक्स त्रिकर्णी असणार, म्हणजे मधले तीन कर्ण सोडून बाकी सगळे शून्य. सर्वसाधारण स्पार्स गुणाकार आणि कॉन्ज्युगेट ग्रेडियंट कशाला वापरताय, तशा मॅट्रिक्ससाठीचा थॉमस अल्गोरिदम लावा. माती.सी राहू द्या आता, सॉल्व्हर.सी इथे टाका, बघू.